हजार रुपयांच्या आतली चांगली वाइन : घरच्या जेवणासाठी बाटली कशी निवडावी

नाशिक, अकलूज किंवा बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या परिसरात तयार झालेली आणि महाराष्ट्रात हजार रुपयांच्या आत मिळणारी वाइन खरोखर चांगली असू शकते. मात्र ती शोधण्याची रीत महागडी वाइन शोधण्याच्या रीतीपेक्षा वेगळी आहे. महाग बाटलीत आपण विशिष्ट बागेचे, लाकडी पिंपात मुरवण्याचे आणि अनेक वर्षे टिकण्याच्या ताकदीचे पैसे मोजत असतो. स्वस्त बाटलीत या गोष्टींचा शोध घेऊ नये, कारण त्या तेवढ्या पैशांत प्रामाणिकपणे देता येत नाहीत. तिच्यात शोधायचा तो ताजेपणा : द्राक्षाचा स्वच्छ वास, तोंडाला पाणी सुटेल असा आंबटपणा आणि उन्हाने न बिघडलेली चव. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी या एकाच गोष्टीसाठी आहे.

येथे रोजची वाइन म्हणजे घरच्या साध्या जेवणाबरोबर, फारसा विचार न करता उघडता येईल अशी वाइन. ती दररोज प्यावी असा याचा अर्थ नाही. साडेबारा टक्के मद्यार्क असलेल्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ७४ ग्रॅम, म्हणजे १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी पूर्णपणे सुरक्षित म्हणता येणार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. वाइन ‘हृदयाला चांगली’ म्हणून कोणी पिऊ लागणार असेल, तर त्याने या लेखाच्या भरवशावर तसे करू नये. ज्यांना वाइन आवडते आणि जे थोडी पितात, त्यांना ती चांगली मिळावी एवढाच येथे हेतू आहे.

पहिली पायरी : किंमत कशाची आहे ते समजून घ्यावे

भारतात वाइन घेताना सर्वांत मोठी फसगत होते ती आयात केलेल्या स्वस्त बाटलीच्या बाबतीत. परदेशी नाव, परदेशी लेबल आणि दीड हजार रुपये किंमत पाहिली, की देशी बाटलीपेक्षा ती नक्कीच सरस असणार असे वाटते. हिशेब मात्र उलटे सांगतो. आयात केलेल्या बाटलीबंद वाइनवर भारताचे एकूण सीमाशुल्क दीर्घकाळ १५० टक्के राहिले आहे. बंदरावर जिची किंमत ३०० रुपये धरली जाते, अशा बाटलीवर ४५० रुपये शुल्क लागून ती ७५० रुपयांची होते, आणि त्यानंतर राज्याचे कर, वाहतूक, घाऊक व्यापारी व किरकोळ दुकानदार यांचा वाटा त्यात मिसळतो. म्हणजे दुकानातल्या दीड हजारांच्या बाटलीतली वाइन तिच्या स्वतःच्या देशात बहुधा सर्वांत खालच्या फळीवर उभी असते. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या व्यापार करारामुळे २०२२ च्या डिसेंबरअखेरीपासून पाच डॉलर ते पंधरा डॉलरच्या आतल्या आयातमूल्याच्या बाटल्यांवरचे शुल्क आधी १०० टक्क्यांवर आले आणि पुढे टप्प्याटप्प्याने ते ५० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे; पण पाच डॉलरखालच्या, म्हणजे खऱ्या अर्थाने स्वस्त बाटल्यांना ही सवलत नाही.

याउलट महाराष्ट्रातल्या ग्राहकाला महाराष्ट्रातली वाइन तुलनेने रास्त दरात मिळते, आणि त्यामागे धोरण आहे. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणले. त्याच्या पुढच्या वाटचालीत राज्यातल्या द्राक्षांपासून राज्यातच तयार होणाऱ्या वाइनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के रक्कम उत्पादकांना परत देण्याची योजनाही आली. हीच बाटली दुसऱ्या राज्यात गेली की तेथील शुल्क लागून महाग होते, आणि कर्नाटकातली बाटली आपल्याकडे आली की तिचेही तसेच होते. म्हणून दिल्लीत किंवा कोलकात्यात राहणाऱ्या मराठी वाचकाने येथला हजार रुपयांचा आकडा जसाच्या तसा धरू नये. आपल्या राज्यातल्या दरांप्रमाणे तो वर सरकवावा. पद्धत मात्र तीच राहते.

दुसरी पायरी : द्राक्षाची जात ठरवावी

दुकानात जाऊन ‘चांगली रेड वाइन द्या’ असे म्हणण्यापेक्षा द्राक्षाची जात सांगून बाटली मागितल्यास निम्मे काम होते. आपल्या हवामानात कोणत्या जातीपासून कमी खर्चात चांगली वाइन होते, हे ठरवणारी कारणे शेतीतली आहेत.

नाशिक परिसरात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी झाल्यावर वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढणीस येतात. युरोपात उन्हाळा सरताना काढणी होते. आपल्याकडे ती थंडीत सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. निफाडच्या कडाक्याच्या थंडीच्या बातम्या दर डिसेंबर-जानेवारीत आपण वाचतो. त्या थंड रात्रींमुळे द्राक्षातली आम्लता टिकून राहते, आणि पांढऱ्या वाइनचा सारा जीव त्या आम्लतेत असतो. फेब्रुवारीच्या अखेरीस पारा चढू लागला की द्राक्षातली साखर भराभर वाढते, पण साल आणि बी यांची पक्वता मागे राहू शकते. लाल वाइन सालीसकट आंबवली जाते, त्यामुळे अर्धवट पिकलेल्या सालीचा आणि बियांचा कडवट तुरटपणा थेट पेल्यात उतरतो. चांगला उत्पादक यावर उपाय करतो : वेलीवरचे घड कमी ठेवतो, काढणीची वेळ पुन्हा पुन्हा तपासतो, पिंपात मुरवतो. या सगळ्याला पैसे लागतात, आणि म्हणूनच या किमतीत लाल वाइनपेक्षा पांढरी वाइन अधिक भरवशाची निघते.

माझ्या मते सुरुवात शेनिन ब्लांपासून करावी. मूळ फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली ही जात उष्ण प्रदेशातही आपला आंबटपणा सोडत नाही. दक्षिण आफ्रिकेने तिच्या बळावरच जगाला स्वस्त आणि चांगली पांढरी वाइन पुरवली आहे. नाशिकमध्ये तिची वाइन बहुतेक वेळा किंचित गोडसर ठेवली जाते. खरबूज, पेअर आणि थोडासा मध अशी तिची चव नवख्यालाही परकी वाटत नाही, आणि मसालेदार जेवणासमोर तो गोडसरपणा कामी येतो. सुला, यॉर्क, फ्रातेली, सोमा असे अनेक उत्पादक ती करतात, त्यामुळे तुलनाही सहज करता येते.

दुसरी जात सोव्हिन्यों ब्लां. ही अधिक कोरडी, अधिक तरतरीत आणि वासाला तीव्र असते : पेरू, गवती चहा, कधी हिरवी मिरची. सुला वाइनयार्ड्सने आपली पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आणली तेव्हा त्यात शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां याच दोन जाती पुढे होत्या, आणि नाशिकची ओळख घडवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. ज्यांना वाइनमध्ये गोडी अजिबात नको असते त्यांनी हिच्यापासून सुरुवात करावी.

लाल वाइनमध्ये शिराझ आधी पाहावी. जांभळासारखी गडद चव आणि मागे काळ्या मिरीचा तिखटपणा ही तिची खूण. कॅबरने सोव्हिन्यों या नावाचा दबदबा मोठा असला, तरी या जातीच्या स्वस्त बाटल्यांत हिरवट कडूपणा वारंवार आढळतो; ती घ्यायचीच असेल तर किमतीची एक पायरी वर चढून घ्यावी. शिराझ आणि कॅबरने यांचे मिश्रण मात्र पुष्कळदा एकट्या कॅबरनेपेक्षा गोलसर लागते. अकलूजच्या फ्रातेलीने सांजोव्हेसे ही इटालियन जात सोलापूर जिल्ह्यात लावली. तिचा ताजा आंबटपणा टोमॅटोच्या पदार्थांशी उत्तम जमतो.

रोझे वाइनकडे आपल्याकडे उगाच दुर्लक्ष होते. काळ्या द्राक्षांचा रस सालीबरोबर थोडेच तास ठेवून पुढे पांढऱ्या वाइनसारखाच थंड तापमानात आंबवला की ही गुलाबी वाइन होते, त्यामुळे लाल द्राक्षाची चव मिळते आणि सालीचा तुरटपणा टळतो. झिनफँडेल किंवा शिराझची रोझे महाराष्ट्राच्या उन्हाळ्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते. फेसाळत्या वाइनबद्दल थोडक्यात सांगायचे, तर बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याच्या पद्धतीला वेळ आणि मजुरी फार लागते. दिंडोरी परिसरात शांदोंसारखा उत्पादक त्या पद्धतीने चांगले काम करतो, पण ती वाइन आपल्या ठरवलेल्या किमतीत सहसा बसत नाही.

राहिला प्रश्न ‘पोर्ट’चा. गोव्यात आणि आपल्याकडेही अनेकांची वाइनशी पहिली ओळख या गोड, गडद, अत्यंत स्वस्त बाटलीतून होते. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली खरी पोर्ट म्हणजे आंबण्याची क्रिया मध्येच द्राक्षाची ब्रँडी घालून थांबवलेली, १९ ते २२ टक्के मद्यार्काची वाइन होय. आपल्याकडच्या या नावाच्या स्वस्त बाटल्यांचा तिच्याशी फारसा संबंध नसतो. त्यांपैकी कित्येक बंगलोर ब्लू या खाण्याच्या आणि रसाच्या द्राक्षापासून होतात आणि त्यांत साखर भरपूर असते. आवडत असेल तर ती थंड करून जेवणानंतर थोडी घेण्यास हरकत नाही, परंतु जेवणाबरोबरची वाइन म्हणून तिच्याकडे पाहू नये.

तिसरी पायरी : लेबल नीट वाचावे

समोरच्या देखण्या लेबलापेक्षा मागचे छोटे लेबल अधिक माहिती देते. त्यावर पहिली गोष्ट पाहायची ती वर्ष. वाइनवरचे वर्ष द्राक्षकाढणीचे असते. आपल्याकडे काढणी वर्षाच्या आरंभीच होत असल्याने पांढरी वाइन त्याच वर्षाच्या उत्तरार्धात दुकानात दिसू लागते. या किमतीतली पांढरी किंवा रोझे वाइन चालू वर्षाची अथवा फार तर मागच्या वर्षाची घ्यावी. त्याहून जुनी असल्यास सवलत मिळत असली तरी सोडून द्यावी. लाल वाइनला दोन-तीन वर्षे चालतात. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, ही समजूत फार थोड्या, त्यासाठीच घडवलेल्या वाइनना लागू पडते, आणि त्या या किमतीत मिळत नाहीत. वर्ष छापलेले नसेल, तर बाटली भरल्याचा महिना आणि वर्ष शोधावे.

दुसरी गोष्ट द्राक्षाची जात. मागच्या-पुढच्या कोणत्याही लेबलावर जातीचा उल्लेख नसून केवळ ‘रेड वाइन’ असे लिहिले असेल, तर उत्पादकाला आतल्या द्राक्षाबद्दल सांगण्यासारखे काही वाटत नाही असे समजावे. तिसरी गोष्ट उगम : द्राक्षे कोठली आणि बाटली कोठे भरली. चौथी गोष्ट मद्यार्काचे प्रमाण. पांढऱ्या वाइनसाठी साडेअकरा ते तेरा आणि लाल वाइनसाठी साडेबारा ते चौदा टक्के हा साधारण पट्टा. प्रमाण चौदाच्या वर गेले असेल, तर आपल्या तिखट जेवणाबरोबर घशाशी जळजळ जाणवेल, हे लक्षात ठेवावे.

‘रिझर्व्ह’ या शब्दाला मात्र भुलू नये. स्पेनमध्ये लाल ‘रेसेर्व्हा’ वाइन कायद्याने किमान तीन वर्षे मुरवावी लागते आणि त्यांपैकी निदान एक वर्ष लाकडी पिंपात. आपल्याकडे हा शब्द मुख्यतः त्या कंपनीची वरची श्रेणी दाखवतो, आणि दोन कंपन्यांच्या ‘रिझर्व्ह’मध्ये साम्य असेलच असे नाही. लाकडाच्या बाबतीतही थोडा हिशेब करावा. ओकचे प्रमाणित पिंप २२५ लिटरचे, म्हणजे केवळ ३०० बाटल्यांचे असते, आणि ते परदेशातून आणावे लागते. स्वस्त वाइनला व्हॅनिलाचा दाट वास येत असेल, तर तो बहुधा टाकीत सोडलेल्या लाकडाच्या तुकड्यांचा असतो. तो वास द्राक्षाची चव झाकून टाकतो. म्हणून स्टीलच्या टाकीत केलेली साधी वाइन पसंत करावी.

बूच की फिरवायचे झाकण, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. या किमतीत झाकणच चांगले. बुचामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास त्यात जवळजवळ टळतो, हवा शिरत नाही आणि उरलेली बाटली पुन्हा नीट बंद करता येते.

चौथी पायरी : दुकान पारखावे

या पायरीवर थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे, कारण आपल्या देशात चांगली वाइन वाइनरीत कमी आणि वाटेत जास्त बिघडते. वाइनला साधारण १२ ते १६ अंश तापमान मानवते. तिशीच्या वर आठवडेच्या आठवडे राहिली की फळाची चव मरते, आणि विदर्भ, मराठवाडा किंवा खानदेशातल्या मे महिन्यात बंद दुकानाच्या माळ्यावर तापमान कुठवर जाते ते सांगायला नको.

आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये मुख्य खप व्हिस्की, रम आणि बिअरचा असतो. व्हिस्कीला उष्णतेने फारसा फरक पडत नाही, म्हणून पुष्कळ दुकानदार वाइनही तशीच उघड्या फळीवर, दिव्याखाली किंवा उन्हाच्या तिरिपेत ठेवतात. यात त्यांचा हेतू वाईट नसतो. मागणीच कमी असते. त्यामुळे दुकानात शिरल्यावर चार गोष्टी पाहाव्यात. वाइन वातानुकूलित भागात किंवा शीतकपाटात आहे का? बाटल्यांवर धूळ साचली आहे का? एकाच वाइनच्या बाटल्यांवर वेगवेगळी, जुनी वर्षे दिसतात का? आणि दुकानदाराला ‘ताजा माल कधी आला’ असे विचारल्यास तो नेमके उत्तर देतो का? खप चांगला असलेल्या दुकानातली साधी बाटली, मंद खपाच्या दुकानातल्या नामांकित बाटलीपेक्षा नेहमीच सरस ठरते.

बिअर शॉपी हा पर्यायही लक्षात ठेवावा. बिअर आणि वाइन विकणाऱ्या या दुकानांत शीतकपाटे असतातच, आणि पांढरी किंवा रोझे वाइन त्यांत ठेवलेली आढळते. निवड कमी असते, पण बाटली थंडाव्यात राहिलेली असते. फळीवरची बाटली घ्यावीच लागली, तर ती मागच्या रांगेतली मागावी. बुचाची असेल तर बूच वर सरकलेले नाही ना, आवरणाखाली चिकट ओघळ नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. उष्णतेने वाइन प्रसरण पावून बाहेर आल्याची ती खूण आहे. पारदर्शक बाटलीतल्या पांढऱ्या वाइनचा रंग फिकट पिवळा असावा. तो चहासारखा तपकिरीकडे झुकला असेल तर बाटली परत ठेवावी.

ज्यांना नाशिकला जाणे शक्य आहे त्यांच्यासाठी सर्वांत चांगले दुकान म्हणजे वाइनरी. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, यॉर्क आणि सोमा जवळजवळ आहेत, इगतपुरीच्या बाजूला व्हॅलोन आणि ग्रोव्हर झांपा यांच्या वाइनरी आहेत. तेथे थोडे पैसे भरून चार-पाच वाइनची चव घेता येते आणि बाटली थेट थंड कोठारातून मिळते. जाण्याचा उत्तम काळ जानेवारी ते मार्च, कारण तेव्हा काढणी आणि आंबवण्याचे काम डोळ्यांसमोर चाललेले असते. परतताना बाटल्या गाडीच्या डिकीत तापू देऊ नयेत, आणि चव घेणाऱ्याने गाडी चालवू नये.

पाचवी पायरी : घरी दोन बाटल्या शेजारी ठेवून चव घ्यावी

एका वेळी एकच वाइन प्यायल्याने ती आवडली की नाही एवढेच कळते. का आवडली ते कळत नाही. म्हणून एकाच जातीच्या, एकाच वर्षाच्या, पण दोन वेगळ्या उत्पादकांच्या बाटल्या घ्याव्यात, शक्यतो दोन-तीन मित्र जमणार असतील त्या संध्याकाळी. बाटल्यांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळावा आणि दुसऱ्या कोणाला तरी ओतायला सांगावे. नाव आणि किंमत डोळ्यांआड गेली की जीभ अधिक खरे बोलते.

पेला तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. आधी वास घ्यावा, मग पेला हलकेच फिरवून पुन्हा घ्यावा. वासात पहिला प्रश्न एकच : तो स्वच्छ आहे का? ओला पुठ्ठा, नखांचे रंग काढण्याचे द्रव, व्हिनेगर किंवा शिजवलेल्या जॅमसारखा वास येत असेल, तर दोष वाइनमध्ये आहे, आपल्या अनुभवात नाही. काडेपेटीच्या काडीसारखा किंवा अंड्यासारखा सौम्य वास मात्र पेला फिरवल्यावर काही मिनिटांत पुष्कळदा निघून जातो, त्याला थोडा अवधी द्यावा. तळाशी किंवा बुचाला चिकटलेले पांढरे स्फटिक दिसल्यास घाबरू नये. ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार असतात आणि पूर्णपणे निरुपद्रवी असतात.

नंतर एक घोट तोंडात घोळवून गोडी, आंबटपणा, तुरटपणा आणि मद्यार्काची ऊब यांपैकी एखादी गोष्ट बाकीच्यांवर कुरघोडी करते का, ते पाहावे. गिळल्यावर फळाची चव क्षणात विरली की चार-पाच सेकंद रेंगाळली, हेही टिपावे. स्वस्त वाइनमध्ये उणिवा झाकण्याचे दोन सर्वपरिचित मार्ग आहेत, एक साखर आणि दुसरा थंडपणा. म्हणून पेल्यातला थोडा भाग तसाच ठेवून पंधरा-वीस मिनिटांनी, ऊब आल्यावर पुन्हा चाखावा. गारवा गेल्यावरही जी वाइन नीट लागते, ती पुन्हा घेण्याजोगी. आणखी कठोर परीक्षा दुसऱ्या दिवशीची असते : झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलेली उरलेली वाइन दुसऱ्या संध्याकाळीही ताजी लागली, तर उत्पादकाने काम चोख केले आहे.

हे सारे वहीत लिहून ठेवावे. उत्पादक, जात, वर्ष, दुकान, किंमत आणि चवीबद्दल दोन ओळी पुरेत. चवीचे वर्णन करताना परदेशी फळांची नावे उसनी घेण्याची गरज नाही. कैरी, पेरू, जांभूळ, करवंद, आवळा, गवती चहा, मिरी हे वास आपल्या नाकाला पक्के ठाऊक आहेत आणि वाइनमध्ये ते खरोखर सापडतात.

सहावी पायरी : आपल्या जेवणाशी जुळवावे

लाल वाइन मटणाबरोबर आणि पांढरी माशाबरोबर, हा नियम युरोपातल्या कमी मसाल्याच्या स्वयंपाकातून आला आहे. आपल्या ताटात मुख्य प्रश्न मांस कोणते हा नसून तिखट किती हा असतो. मिरचीची आग मद्यार्काने वाढते आणि तुरटपणाने अधिक बोचरी होते. थोडी गोडी आणि थंडपणा तिला शमवतात. त्यामुळे कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर जड, तुरट कॅबरने उघडणे म्हणजे दोघांचेही नुकसान. तेथे गोडसर, गार शेनिन ब्लां किंवा रोझे घ्यावी. रस्सा बाजूला ठेवून सुके मटण किंवा भाजलेले कबाब असतील, आणि तिखट बेताचे असेल, तर शिराझ शोभते. तिच्यातली मिरी आणि गरम मसाला एकमेकांना ओळखतात.

सोव्हिन्यों ब्लांची हिरवी तरतरी कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लिंबू यांच्याशी जुळते, म्हणून कोथिंबीर वडी, हिरव्या वाटणातली कोळंबी किंवा रवा लावून तळलेले बोंबील यांच्याबरोबर ती फार चांगली लागते. तळणाचा तेलकटपणा तिच्या आंबटपणाने कापला जातो. नारळाच्या दुधातल्या गोडसर, सौम्य कालवणाला शेनिन ब्लां बरी. पिठले-भाकरी किंवा थालीपिठाबरोबर गार रोझे घेऊन पाहावी. आंबट सोलकढी आणि वाइन मात्र एकाच वेळी नकोत, एकाच्या आंबटपणापुढे दुसरीची चव फिकी पडते. पुरणपोळी, श्रीखंड अशा पक्वान्नांबरोबर कोरडी वाइन आंबटढाण लागते, कारण वाइन पदार्थापेक्षा गोड नसेल तर तिच्यातली उरलीसुरली गोडीही जिभेला जाणवत नाही. गोडाधोडाच्या जेवणात वाइन न उघडणेच उत्तम.

सातवी पायरी : योग्य तापमानाला प्यावी

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असे पुस्तकांत लिहिलेले असते, पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची असते. पुण्यातल्या एप्रिलमध्ये खोलीतली लाल वाइन कोमट, मद्याच्या वासाची आणि बेढब लागते. ती जेवणाआधी तासभर फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी आणि रोझे फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवून पिण्याआधी दहा मिनिटे बाहेर काढावी, म्हणजे ती ८ ते १२ अंशांच्या आसपास येते. घाई असेल तर पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली मानेपर्यंत बुडवावी. वीस मिनिटांत काम होते. पेल्यात बर्फ टाकल्यास वाइन पाणचट होते.

पेल्यासाठी फार खर्च करू नये. वर किंचित निमुळता होणारा, पातळ काठाचा, साधा काचेचा एकच प्रकार सर्व वाइनना पुरतो. तो धुताना साबणाचा वास राहणार नाही याची काळजी घ्यावी.

आठवी पायरी : उरलेली वाइन सांभाळावी

दोघांच्या घरात बाटली एका जेवणात संपत नाही, आणि संपवूही नये. ३७५ मिलिलिटरची रिकामी, झाकणाची छोटी बाटली स्वच्छ धुऊन कोरडी करून ठेवावी. मोठी बाटली उघडल्याबरोबर निम्मी वाइन तिच्यात काठोकाठ भरून झाकण लावावे आणि फ्रिजमध्ये ठेवावे. हवेशी संपर्क जवळजवळ नसल्याने ती चार-पाच दिवस सहज टिकते. हे न करता अर्धी बाटली तशीच ठेवली, तर पांढरी दोन-तीन दिवस आणि लाल जेमतेम दोन दिवस चांगली राहते. लाल वाइनही फ्रिजमध्येच ठेवावी. त्यानंतर उरलेली वाइन स्वयंपाकात वापरता येते, मात्र बिघडलेली, वास मारणारी वाइन पातेल्यात घातल्याने सुधारत नाही.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी

ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपात राहणाऱ्यांना निवड अफाट असते, म्हणून तेथे युक्ती निराळी. प्रसिद्ध प्रदेश टाळून कमी गाजलेले प्रदेश पाहावेत : बोर्दोऐवजी लांगदॉक, बर्गंडीऐवजी बोजोले, सॉन्सेरऐवजी चिलीच्या लेयदा खोऱ्यातली सोव्हिन्यों ब्लां, शँपेनऐवजी स्पेनची काव्हा. पोर्तुगालची व्हिन्यो व्हेर्द, स्पेनमधल्या कालातायुद आणि काम्पो दे बोर्खाची गार्नाचा, फ्रान्सची म्युस्कादे आणि दक्षिण आफ्रिकेची शेनिन ब्लां यांत कमी पैशांत फार चांगल्या बाटल्या सापडतात. ब्रिटनमध्ये मद्यशुल्क किमतीवर नव्हे, तर मद्यार्कावर आकारले जाते आणि बाटली, झाकण व वाहतूक यांचा खर्चही जवळपास ठरलेला असतो. त्यामुळे सर्वांत स्वस्त बाटलीत प्रत्यक्ष वाइनसाठी फार थोडे पैसे उरतात. किंमत दोन पौंडांनी वाढवली की त्यातला मोठा वाटा थेट द्राक्षाकडे जातो.

पुन्हा खरेदी करताना

एखादी वाइन दोन वेळा, दोन वेगळ्या दिवशी आवडली म्हणजे ती आपली रोजची बाटली मानावी आणि परवान्याच्या नियमांत बसतील अशा तीन-चार बाटल्या एकदम घ्याव्यात. त्याहून अधिक साठवू नयेत, कारण आपल्या घरांत तळघर नसते. पलंगाखालची किंवा उत्तरेकडच्या खोलीतल्या कपाटाची खालची फळी त्यातल्या त्यात थंड असते. स्वयंपाकघर आणि फ्रिजचा वरचा भाग सर्वांत वाईट. मार्चनंतर मात्र घरात असलेला साठा फ्रिजच्या तळाशी आडवा ठेवावा आणि आधी तो संपवावा. नवीन वर्षाची वाइन दुकानात आली, की जुन्या वर्षाच्या आठवणीवर विसंबून संपूर्ण खोका उचलू नये. त्या वर्षी पाऊस लांबला असेल, काढणी लवकर झाली असेल किंवा उत्पादकाने गोडी थोडी वाढवली असेल. म्हणून आधी एकच बाटली आणावी, वहीतल्या जुन्या नोंदीशी ताडून पाहावी, आणि मगच उरलेल्या घ्याव्यात.